जीए दिलं की वेल स्वतःचं जीए बनवणं सोडते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाची जुनी बाग आहे, दर हंगामात जीए (मणी फुगवायला देतात ते जिबरेलिक आम्ल) देताय, आणि सुरुवातीच्या वर्षांत ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवल्यावर, जो मणी मिळायचा तो आता मिळत नाही. शेजारचे सांगतात की वेलीला बाहेरच्या जीएची सवय लागते, ती स्वतःचं बनवणं सोडते, म्हणून डोस चढवत न्यावा लागतो. त्यांनी ६० केला. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे खरं आहे का, आणि पेशीच्या आत जीए किती बनवायचं हे वेल ठरवते तरी कसं.

शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. बाहेरून जीए मिळालं की पेशी स्वतःचं उत्पादन खरोखर आवरतं घेते. पण ते त्या घडापुरतं आणि त्या दिवसांपुरतं. पुढच्या हंगामाचा घड नव्या पेशींचा असतो, त्याला मागच्या डिपिंगचा हिशेब माहीत नसतो. त्यामुळे मणी लहान राहण्याचं कारण ‘सवय’ नाही, ते दुसरीकडे शोधावं लागेल. नेमकं कुठे, ते तुमच्या बागेवर अवलंबून आहे: खुंट (ज्या मुळांवर कलम केलंय तो) कोणता, वेलीवर घड किती, घडापुढे पानं किती, पाण्याचा पीएच काय, डिपिंगच्या आठवड्यात थंडी किती होती. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी आधी आतलं काम सांगतो आणि मग तुमच्या ४० आणि ६० कडे येतो.

जीए म्हणजे जिबरेलिन. हे एकच रसायन नाही, शंभराहून जास्त जिबरेलिनं माहीत आहेत. त्यातली बहुतेक कच्चा माल किंवा मोडलेला माल असतात. वेलीत प्रत्यक्ष काम करणारी मुख्यतः जीए१ आणि जीए४. आपण पुडीतून आणतो ते जीए३, आणि ते बुरशीकडून येतं. १९२६ साली तैवानमध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की भाताची रोपं वेड्यासारखी उंच होऊन कोलमडतात त्यामागे एका बुरशीने सोडलेला पदार्थ असतो. १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं. आजही बाजारातलं जीए त्या बुरशीच्या जातीलाच आंबवून काढतात. वेलीचं जीए आणि पुडीतलं जीए यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळा मुद्दा त्याच्यावर येणार आहे.

आता पेशीत काय होतं ते. सुरुवात लवकांत होते, म्हणजे हरितलवक ज्या कुळातलं आहे त्या कुळात. पानांचे पिवळे-नारिंगी रंग आणि हरितद्रव्याची शेपटी ज्या कच्च्या मालातून बनते, त्याच मालाचा अगदी थोडा भाग दोन विकरं (रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं) इकडे वळवतात आणि कॉरीन नावाचा पदार्थ तयार होतो. कॉरीन लवकाच्या बाहेरच्या आवरणावर आणि पुढे पेशीतल्या जाळीदार पटलांवर बदलत बदलत जीए१२ बनतं. इथपर्यंतचा माल वाढीला निरुपयोगी असतो. शेवटचे टप्पे पेशीच्या मोकळ्या द्रवात होतात: जीए२०-ऑक्सिडेज आणि जीए३-ऑक्सिडेज (इथला ३ हा रेणूतल्या कार्बनचा क्रमांक, पुडीतल्या जीए३ शी त्याचा संबंध नाही) ही दोन विकरं मिळून त्याला जीए१ किंवा जीए४ करतात. आणि याच द्रवात तिसरं विकर असतं, जीए२-ऑक्सिडेज. ते तयार झालेलं जीए बाद करतं. बाद म्हणजे रेणूच्या दुसऱ्या कार्बनवर एक गट चिकटवायचा, की तो रेणू कायमचा निकामी.

झाड नियंत्रण करतं ते प्रामुख्याने या शेवटच्या तीन विकरांवर. हे कशावरून? अरॅबिडॉप्सिस नावाच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात सुरुवातीच्या विकराचं जनुक मुद्दाम जोरात चालवून पाहिलं गेलं. कॉरीन भरमसाठ वाढलं, पण कामाचं जीए जवळपास जागच्या जागीच राहिलं. कच्चा माल ओतून उपयोग होत नाही, कारण शेवटचं दार झाडाच्या हातात असतं. ‘वेलीचं नैसर्गिक जीए वाढवणारी’ म्हणून जी टॉनिकं दुकानात मिळतात, त्यांच्याकडे मी याच कारणासाठी संशयाने पाहतो.

हे शेवटचे टप्पे किती महत्त्वाचे, याचे पुरावे आपल्या ताटातच आहेत. मेंडेलने उंच आणि बुटका वाटाणा घेऊन जे प्रयोग केले, त्यातल्या बुटक्या वाटाण्यात जीए३-ऑक्सिडेजचं जनुक कमजोर होतं, हे १९९७ मध्ये कळलं. हरितक्रांतीतला आयआर८ भात बुटका का, तर त्याच्यात जीए२०-ऑक्सिडेजचं एक जनुक बिघडलेलं आहे. विशेष म्हणजे भातात या विकराची एकाहून जास्त जनुकं आहेत. खोडाची उंची वाढवणारं बिघडलं तरी फुलोऱ्याकडचं चालू राहिलं, म्हणूनच खोड बुटकं झालं तरी दाणे भरले. म्हणजे ‘झाड जीए बनवतं’ हे बोलणंच ढोबळ आहे. शेंडा, पान, फूल, बी, प्रत्येकाचा हिशेब वेगळा चालतो.

आता ‘किती’ हे कसं ठरतं. पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं असतात आणि त्यांचं काम वाढ रोखून धरणं. जीए पेशीत आलं की ते एका ग्राहक प्रथिनाच्या खोबणीत बसतं. हा ग्राहक २००५ साली भातात सापडला. खोबणीवरचं झाकण मिटतं, त्या झाकणावर डेला येऊन चिकटतं, आणि मग पेशी डेलावर खूण करून त्याला मोडीत काढते. रोखणारं गेलं की वाढ सुरू होते. जीए स्वतः वाढ करत नाही, वाढीच्या आड येणाऱ्याला हटवतं. आणि हेच डेला प्रथिन जीए बनवणाऱ्या जनुकांनाही चालू ठेवत असतं. डेला भरपूर असेल, म्हणजे जीए कमी असेल, तर जीए२०- आणि जीए३-ऑक्सिडेजची जनुकं जोरात चालतात. डेला मोडीत निघालं की तीच जनुकं मंदावतात आणि मोडतोड करणाऱ्या जीए२-ऑक्सिडेजची जनुकं वर येतात. घराच्या टाकीत फ्लोट असतो तसंच हे, पाणी चढलं की नळ आपोआप बंद. फरक एवढाच की झाडाच्या टाकीत पाणी चढल्यावर तळाची तोटीसुद्धा उघडते.

तुमच्या डिपिंगच्या वेळी नेमकं हेच होतं. घड द्रावणात बुडवला की मण्यातलं डेला मोडतं, काही तासांतच त्या पेशींचा नळ मंदावतो आणि तोटी उघडते. ‘स्वतःचं बनवणं सोडते’ म्हणतात ते एवढंच. पण आता मघाचा फरक आठवा. जीए३ च्या रेणूत पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. मोडणारं विकर दुसऱ्या कार्बनवरच काम करतं, आणि त्या बंधामुळे त्याला तिथे काही करता येत नाही. तोटी उघडते, पण बाहेरून आलेलं जीए३ तिच्यातून जातच नाही. म्हणून पुडीतलं जीए वेलीच्या स्वतःच्या जीएपेक्षा जास्त टिकतं, आणि म्हणूनच चुकीच्या वेळी पडलेला थेंब वेलीला लवकर पचवता येत नाही. माझ्या मते डोसपेक्षा वेळेला जास्त जपायला हवं ते यामुळे. जास्त झालेलं पाणी निचऱ्याने जातं, जास्त झालेलं जीए३ तसं जात नाही.

मग दरवर्षी देऊन साचतं का? आपल्याकडच्या दोन छाटण्यांच्या पद्धतीत याची भीती फारशी नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ज्या काडीवर घड आला आणि जीए पडलं, ती काडी एप्रिलच्या खरड छाटणीला एक-दोन डोळे ठेवून कापली जाते. पुढच्या वर्षीचा घड त्यानंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत तयार होतो. मधे महिने जातात, पेशी नव्या येतात, आणि जनुकांची ही वर-खाली हालचाल जीए ओसरलं की पूर्ववत होते.

थॉम्पसनला बाहेरून जीए का लागतं, हेही यातूनच उलगडतं. बियांच्या द्राक्षात वाढणारं बी हाच मण्याचा मोठा आधार असतो, बियांमुळे मण्यात संजीवकं, म्हणजे जीएसारखी वाढीची रसायनं, वाढतात. थॉम्पसनमध्ये फलन होतं, पण बी कोवळं असतानाच मरतं. आधार गेला, मणी लहान राहिला. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही सगळी त्याच घरातली, त्यांचीही गोष्ट तीच. म्हणजे आपण वेलीला आळशी करत नाही, मेलेल्या बियांचं काम करतो.

आता उलटी बाजू, म्हणजे सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वाढ रोखणारं रसायन). खरड छाटणीनंतर तुम्ही ते देत असाल, बहुतेक जण देतात. सीसीसी वेलीचं स्वतःचं जीए अगदी पहिल्या टप्प्यावर, लवकातच, अडवतं. आंब्याला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल पुढच्या टप्प्यावर, कॉरीन बदलण्याच्या जागी अडवतं. दोन्हींचा परिणाम वरवर सारखाच: पेरं आखूड, पानं गडद, शेंड्याचा जोर कमी. आणि दोन्हींवर जीए३ मारलं की अडवणूक निष्फळ, कारण ते अडवलेल्या टप्प्याच्या पुढे जाऊन पडतं.

द्राक्षात सीसीसी का चालतं याचा सगळ्यात सुंदर पुरावा फ्रान्सच्या शँपेन भागातल्या पिनो म्युनिए या वाणातून आला. या वेलीच्या फक्त बाहेरच्या पेशीथरात डेलाचं जनुक बदललेलं आहे, इतकं की जीए आलं तरी ते डेला मोडत नाही. त्या थरातून पेशी घेऊन ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पूर्ण वेल वाढवली. ती बुटकी निघाली आणि जिथे बाळी (वेलीचा आधार पकडणारा तंतू) यायची तिथे तिला घड आले, काडीभर घडच घड. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. डोळ्यात जो कोवळा अंकुर असतो त्याचं घड व्हायचं की बाळी, यात जीए बाळीच्या बाजूने ओढतं आणि सायटोकायनिन हे दुसरं संजीवक घडाच्या बाजूने. मी कुठेही सल्ला द्यायला गेलो की हे सांगतो, कारण घड जिरले, गोळी घड निघाले, घडाची बाळी झाली, या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ ऑक्टोबरात नसतं. ते खरड छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत असतं. त्या दिवसांत नत्र आणि पाणी सोडून काडी धावती ठेवली की वेल स्वतःच जीएच्या बाजूला झुकते.

शेंडा मारण्याचाही इथे संबंध आहे. वाटाण्यावर दाखवलं गेलंय की शेंडा काढला की खालच्या खोडातलं जीए१ घटतं, आणि कापलेल्या टोकाला ऑक्झिन हे शेंड्यात बनणारं संजीवक लावलं की ते परत येतं. म्हणजे शेंड्यातून उतरणारं ऑक्झिन खालच्या पेशींना ‘बनवत राहा’ असा निरोप देत असतं. द्राक्षाच्या काडीबद्दल मी त्यावरूनच तर्क करतो: वेळेवर शेंडा मारणं म्हणजे बिनखर्चाचं सीसीसी. आणि सीसीसीबद्दल एक गोष्ट विसरू नका. ते वेलीत बराच काळ राहतं. २०१० साली त्याच्याच अवशेषांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला होता. निर्यात करत असाल तर त्या हंगामाची अवशेषांची यादी पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आता तुमचे ४० आणि ६०. मणी फुगवताना जीए पेशीभिंत सैल करतं, पाणी आणि साखर यायला जागा करून देतं. साखर मात्र पानांनीच द्यायची असते. डेला एकदा मोडलं की आणखी जीए घालून जास्त मोडत नाही, एका हद्दीपुढे डोसला उत्तर मिळतच नाही. मग वरचा डोस काय करतो? देठ जाड आणि कडक करतो, साल जाड करतो, साखर यायला उशीर करतो, आणि काढणीनंतर पेटीत मणी गळतात. ६० च्या बागेत मोठा मणी दिसला असेल तर मी आधी विचारीन की त्या वेलीवर घड किती ठेवले होते आणि विरळणी केव्हा केली.

तुमच्या बागेत मी या क्रमाने पाहीन. पहिलं पाणी. जीए३ हे सौम्य आम्ल आहे आणि पेशीच्या पडद्यातून सहज शिरतं ते त्याचं विद्युतभार नसलेलं रूप. पीएच ८ च्या बोअरच्या पाण्यात हे रूप जवळपास नसतंच. पीएच ६ वर आणला की ते साधारण शंभरपट होतं. मणी शंभरपट फुगत नाही अर्थात, पण पाच वर्षांपूर्वी विहिरीचं पाणी वापरत होतात आणि आता बोअरचं वापरत असाल, तर ‘सवय’ कुठून आली ते कळेल. सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने द्रावण साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणा, कागदी पट्टी चालेल. पाण्यात पुडी थेट टाकू नका, आधी ऍसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा. आणि मोजमाप परत तपासा: १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे १० पीपीएम. पुडीवर किती टक्के लिहिलंय ते वाचून हिशेब करा, यात घोळ झालेला मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय.

दुसरं, अवस्था. पोपटी अवस्थेतली (घड नुकता दिसून पोपटी हिरवा असतानाची) १० पीपीएमच्या आसपासची फवारणी घड लांबवायला असते, मणी फुगवायला नाही. फुगवणीची पहिली डिप मणी ३-४ मिलिमीटरचा असताना आणि दुसरी ६-७ मिलिमीटरला, हे अंतर पेशी विभागण्याच्या आणि ताणण्याच्या काळाशी बांधलेलं आहे. विभागणी संपल्यावर ४० दिले काय आणि ८० दिले काय, पेशींची संख्या वाढत नाही. जुन्या बागेत फुटवे मागेपुढे निघतात, त्यामुळे एकाच दिवशी सगळी बाग बुडवली की अर्धे घड वेळेत आणि अर्धे वेळेबाहेर जातात. मला तुमच्या प्रश्नात सर्वात जास्त शंका इथेच येते.

तिसरं, भार आणि पानं. घडापुढे दहा-बारा निरोगी पानं नसतील तर जीए वाढवून काय मिळणार? डाऊनी या बुरशीजन्य रोगाने पानं गेलेल्या बागेत ६० पीपीएम म्हणजे पैसे पाण्यात.

चौथं, थंडी. प्रयोगशाळेतल्या रोपांत दिसलंय की थंडी लागली की जीए मोडणाऱ्या विकराची जनुकं चढतात आणि डेला साठतं. झाड मुद्दामच वाढ थांबवतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या आठवड्यात मणी हलत नाही, तो यातलाच भाग असावा. पुडीतलं जीए३ त्या मोडतोडीतून सुटतं खरं, पण गारठ्यात पानातून साखरच हळू येते. अशा आठवड्यात डोस वाढवण्यापेक्षा दोन दिवस थांबून दुपारच्या उबेत डिप केलेली बरी, अवस्था हातची जात नसेल तर.

खुंटाचंही बोलायला हवं. कलम केलेल्या अरॅबिडॉप्सिसवर २०१५ मध्ये दाखवलं गेलं की जीए१२, म्हणजे मधला निरुपयोगी माल, मुळाकडून शेंड्याकडे आणि उलटही जातो आणि जिथे पोचतो तिथे कामाचं जीए बनतं. डॉगरीज या खुंटावरची जोमदार वेल आणि स्वतःच्या मुळावरची जुनी वेल एकाच डोसला सारखं उत्तर देणार नाहीत, असं मी धरून चालतो. शेजाऱ्यांची बाग खुंटावर आणि तुमची नसेल तर त्यांचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

या वर्षी ६० करू नका. पाणी दुरुस्त करून ४० चीच डिप घ्या, फुटव्याप्रमाणे दोन तुकड्यांत. एका ओळीत मुद्दाम ३० ठेवा आणि दुसऱ्या ओळीत न दुरुस्त केलेल्या पाण्याने ४०. तिन्ही ठिकाणी काही घडांना रंगीत दोरे बांधा, त्या घडांचे मणी मोजून ठेवा, आणि काढणीला व्यास, साखर आणि पेटीत ठेवल्यावरची मणीगळ, तिन्ही लिहा. नुसता व्यास लिहिलात तर मोठा डोस नेहमीच जिंकल्यासारखा वाटेल. आणि इथे परत लिहाल तेव्हा खुंट, वेलीवरचे घड आणि पाण्याचा पीएच हे तीन आकडे द्या, म्हणजे पोपटी अवस्थेपासूनचं वेळापत्रक आपण तुमच्या बागेप्रमाणे लावू.